बांधावरची ओळ

भूत दिसलं असतं तर धाकट्याने चार जणांना सांगितलं तरी असतं. भुताला लोक मान देतात. दोन प्रश्न विचारतात, पाणी देतात, जवळ बसतात. पण सकाळी सात वाजता, लख्ख उन्हात, आपल्याच शेतात झाडांच्या सावल्या पडलेल्या दिसतात आणि झाडं मात्र जागेवर नाहीत, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, की मग झाडं गेली कुठे? म्हणून धाकटा गप्प होता. अळीमिळी गुपचिळी.

सावल्या बावीस होत्या. त्याने पाच-सहा सकाळी मोजून पाहिल्या होत्या. सूर्य वर आला की त्या आखडत आखडत बांधाकडे जायच्या आणि दुपारी बाराच्या सुमाराला नाहीशा व्हायच्या, अगदी खऱ्या सावल्यांसारख्या. बांधावर त्या वेळी गुडघ्याएवढे बावीस बुंधे होते आणि त्यांच्या वर नुसतं आकाश.

दोघा भावांची शेतं लागून होती. बापाने जायच्या आधी स्वतः दोरी धरून वाटणी केली होती. सूर्य उगवतो त्या अंगाचे दोन एकर थोरल्याला, मावळतो त्या अंगाचे दोन धाकट्याला, मधे बांध. कुणाला बोटभर कमी नाही, कुणाला बोटभर जास्त नाही. नऊ वर्षांपूर्वी थोरल्याच्या डोक्यात झाडं शिरली. जंगल नाही, बाग नाही, पिकातच झाडं. पन्नास-पन्नास फुटांवर एक ओळ, ओळीत बावीस रोपं, अशा सहा ओळी, आणि मधल्या पट्ट्यांत नेहमीसारखा मका, घेवडा, मिरची. सहावी ओळ बांधावर. लोकांनी त्याचं नाव झाडोबा ठेवलं. "झाडोबा, पोरंबाळं पाला खाणार का?" असं रस्त्याने जाता-येता कुणीही विचारायचं. झाडोबा हसायचा. धाकट्याला मात्र तो नीट समजावून सांगायचा, "अरे, पीक म्हणजे महिन्याचा पगार. झाड म्हणजे पेन्शन. एकावर माणसाचं भागत नाही."

पहिली चार वर्षं लोकांची हसण्यात गेली. पाचव्या वर्षी ते थांबले. गळलेला पाला कुजून थोरल्याची माती काळी झाली होती आणि खताच्या गोण्या त्याने निम्म्यावर आणल्या होत्या. छाटलेल्या फांद्यांवर चूल चालत होती, कोवळ्या पाल्यावर चार शेळ्या पोसल्या जात होत्या. ओळी दाट झाल्या तेव्हा अधल्या-मधल्या जाड फांद्या काढून त्याने घेवड्याच्या मांडवाला वासे केले आणि उरलेले बाजारात नेले. ज्या पट्ट्यात सावलीने मका खुरटायचा तिथे त्याने आलं लावलं. आल्याला सावली मानवते, आणि आल्याला भाव मक्याहून चांगला. मग दोन वर्षांपूर्वी ते वारं आलं. तीन दिवस घोंघावत होतं. आजूबाजूचा झाडून सगळा मका आडवा झाला, धाकट्याचाही झाला, आणि थोरल्याचा झाडांच्या आडोशाला उभाच्या उभा राहिला. त्या वर्षी धाकट्याच्या घरात मक्याची जी पोती आली ती थोरल्याच्या शेतातून, न मागता, थोरल्याच्याच पाठीवरून.

असा भाऊ मिळाला तर माणसाने काय करावं ते ज्याचं त्याने ठरवावं. धाकट्याने केलं ते करू नये, एवढं नक्की.

बांधावरच्या ओळीची सावली सकाळी त्याच्या पहिल्या तीन सऱ्यांवर पडायची आणि त्या सऱ्यांतला मका कमरेच्या वर जायचा नाही. यात खोटं काही नव्हतं. "दादा, माझ्या उन्हाचं काय?" असं त्याने विचारलं होतं, आणि "तिथे तूही आलं लाव, बियाणं मी देतो" असं थोरल्याने सांगितलं होतं. पण तीन सऱ्या हे निमित्त. खरं दुखणं असं होतं, की आता लोक थोरल्याचं शेत बघायला यायचे आणि जाता जाता धाकट्याला सुनवायचे, "भावाकडून शीक जरा." हे रोज ऐकून ज्याचं पोट दुखत नाही असा भाऊ विरळा. तरीही पोट दुखलं म्हणून कुणी कोयता उचलत नाही.

गेल्या वर्षी एका दुपारी थोरला आणि वहिनी वासे घेऊन बाजाराला गेले होते. धाकट्याने विहिरीकडच्या टोकापासून सुरुवात केली, कारण तिथे पंपाच्या खोलीचा आडोसा होता. बुंध्याजवळची माती त्याने हाताने बाजूला केली, जमिनीखाली चांगला वीतभर गेला, आणि कोयत्याने चार बोटं रुंद साल काढली, सगळीकडून, पूर्ण गोल. अशी साल काढली की पानांनी केलेलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही. झाड लगेच वाळत नाही, महिनोन् महिने उपाशी मरतं. हे त्याला थोरल्यानेच सांगितलं होतं, शेळ्या सालीला तोंड लावतात तेव्हा त्यांना का हाकलायचं ते शिकवताना. मग त्याने माती परत लोटली आणि वर पाचोळा पसरला. अकरा झाडं झाली आणि रस्त्यावर गाडीचा आवाज आला, म्हणून अकरावर थांबला. नाहीतर बावीस केली असती.

जमिनीच्या खालीच का, तर थोरल्याचा एक नियम होता. झाडाच्या बुडापासून हातभर अंतरात लोखंड आणायचं नाही. कुदळ नाही, खुरपं नाही, काही नाही. बुडाला जखम झाली की रोग आत शिरतो, असं तो म्हणायचा, आणि वहिनीलाही त्याने ते इतकं पढवलं होतं की ती बुडाजवळचं गवत बोटांनी उपटायची. हा नियम थोरला जन्मात मोडणार नाही, हे धाकट्याला ठाऊक होतं.

आणि थोरल्याने तो मोडला नाही. अकरा झाडं पिवळी पडत गेली तेव्हा त्याने पानं तपासली, फांद्या चिरून पाहिल्या, बुडापासून दोन हातांवर खड्डे घेऊन मुळांची टोकं पाहिली. औषधं घातली. शेतकी खात्यातला एक माणूस आला, त्याने रस्त्यावरूनच गाडीची काच खाली करून झाडं पाहिली आणि "मुळांचा रोग, जमिनीतून सरकतो" असं सांगून तो निघून गेला. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? पण थोरल्याने ते मनाला लावून घेतलं. त्याचं जेवण तुटलं. संध्याकाळी तो बांधावर बसून राहायचा आणि म्हणायचा, "माझंच काहीतरी चुकलं असणार. काय चुकलं ते कळत नाही रे." धाकटा शेजारी बसून ऐकायचा.

शेवटी थोरल्याने वाळलेली अकरा कापली. आणि मग एके दिवशी सकाळी तो म्हणाला, की या ओळीतली उरलेली अकराही काढायची, चांगली हिरवीगार अकरा, म्हणजे रोग पुढे सरकणार नाही. दोर धरायला माणूस हवा होता. धाकट्याशिवाय कोण?

थोरला प्रत्येक झाडाला करवत लावायच्या आधी खोडावर तळहात ठेवायचा. क्षणभरच. त्या अकरा क्षणांत धाकट्याने अकरा वेळा तोंड उघडलं आणि अकरा वेळा "ओढू का?" एवढंच बाहेर पडलं. शेवटचं झाड पडताना बुंध्यावरून उसळलं आणि मागे, थोरल्याच्या अंगावर आलं. दोर बरोबर ताणलेला होता, तसं नंतर धावत आलेल्या सगळ्यांनी सांगितलं. दोराचा दोष नव्हता. दोराबद्दल कुणी विचारलं असतं तर धाकट्याने डोळ्याला डोळा भिडवून उत्तर दिलं असतं. पण दोराबद्दल कुणी काही विचारलंच नाही.

थोरला जाऊन दीड महिना झाला होता. सावल्या दिसायला लागल्या त्या पुढच्याच आठवड्यात.

पहिल्यांदा त्याला वाटलं डोळ्यांचं काहीतरी आहे. मग पायांनाही कळायला लागलं. तीन सऱ्यांत पाय ठेवला की माती गार लागायची, दव वाळलेलं नसायचं. चौथ्या सरीत गेलं की ऊन चटकन मानेवर बसायचं. एकदा बायको निंदणीला बरोबर होती. ती नेमकी दुसऱ्या सरीत, एका सावलीच्या मधोमध बसली होती. तिच्या डोक्यावर फांदीचं टोक हलताना त्याला दिसत होतं.

"तुला गार नाही वाटत?" त्याने विचारलं.

"गार?" ती पदराने घाम पुसत म्हणाली. "अहो, डोकं तापून निघालंय माझं. तुमचंही तापलेलं दिसतंय. जा, पाणी पिऊन या."

तो पाणी पिऊन आला. सावली तिथेच होती, आणि बायको त्यात बसून घाम गाळत होती.

अशात एक दिवस लाकूडवाला आला. जाडजूड, हसतमुख माणूस, खांद्यावर कुऱ्हाड, मागच्या खिशात मापाची फीत. वहिनीने त्याला बोलावलं होतं, आणि धाकट्यालाही बोलावलं होतं, कारण घरात आता बोलायला पुरुष माणूस नको का, असं तिचं म्हणणं. उरलेल्या पाच ओळींतून तिघे फिरले. एकशेदहा झाडं. लाकूडवाला खोडावर थाप मारायचा, कान द्यायचा, आणि तोंड कडू करायचा.

"ताई, माल दिसतो चांगला. पण याच शेतातली एक ओळ मुळाच्या रोगाने गेली, हे सगळ्या बाजाराला माहीत आहे. सहा वर्षं थांबला असतात तर इमारतीचं लाकूड झालं असतं. तेव्हा मीच तुमच्या पाया पडत आलो असतो. पण रोगट माल मी सरपणाच्याच भावाने घेणार. आणि तोही आत्ता घेईन. पुढच्या वर्षी वाळलेला मिळाला तर फुकटही नको."

वहिनी बांधावर थांबली. रस्त्याकडच्या अकरा बुंध्यांना पिसाऱ्यासारखे कोंब फुटले होते. "याला तर कोंब आलेत," ती म्हणाली.

"कोंब काय, कुणालाही फुटतात. रोग आत असतो."

विहिरीकडच्या अकरांना एकही कोंब नव्हता. धाकट्याने तिकडे पाहिलं आणि मान फिरवली.

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. "भाऊजी, तुम्ही सांगा. मला यातलं त्यांच्याएवढं कळत नाही. झाडं राहिली तर मी राहते. आलं आहे, शेळ्या आहेत, घेवडा आहे, एकट्या बाईचं भागेल, आणि सहा वर्षांनी लाकूड हातात येईल. पण झाडं जाणारच असतील तर नुसत्या मक्यावर मी कशी तगणार? मग हे सगळं विकून बहिणीच्या दारात जाऊन पडते. तुम्ही रोज बघता. रोग आहे ना?"

आता बोलायची वेळ होती. धाकट्याने खाकरून घसा साफ केला. "दादाला तरी तसंच वाटत होतं," तो म्हणाला.

यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि याहून मोठी लबाडी त्याने आयुष्यात केली नव्हती.

लाकूडवाल्याने खूश होऊन आपली कुऱ्हाड खांद्यावरून उतरवली आणि दांडा दाखवला. "हे बघा, हाही याच जातीच्या झाडाचा. म्हणतात ना, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!" आणि तो आपल्याच विनोदावर मोठ्याने हसला. धाकटा मटकन बांधावर बसला. वहिनी म्हणाली, "ऊन लागलं वाटतं," आणि तिने त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

माणसं आणि यंत्राची करवत बारा दिवसांनी येणार असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याने सावल्या मोजल्या. तेवीस भरल्या.

तेविसावी माणसाची होती. रस्त्याकडच्या पहिल्या झाडाच्या सावलीला लागून ती उभी होती, उजवा खांदा जरा खाली. आकडी लावलेला लांब बांबू वर्षानुवर्षं उजव्या खांद्यावरून नेणाऱ्या माणसाचा खांदा असा होतो. धाकट्याने बांधावर पाहिलं. तिथे कोंब फुटलेला बुंधा होता आणि वर एक पक्षी बसला होता. पुन्हा खाली पाहिलं तर सावली वाकली होती. झाडाच्या बुडाशी तिचे दोन्ही हात चालले होते, हळूहळू, माती बाजूला करावी तसे. लोखंड नव्हतं हातात. नुसते हात.

पुढच्या सकाळी ती दुसऱ्या झाडापाशी होती. त्याच्या पुढच्या सकाळी तिसऱ्या.

धाकट्याला मोजता येत होतं, हीच पंचाईत. रोज एक. अकरा झाडं निरोगी. बाराव्या सकाळी करवत येणार होती आणि त्याच सकाळी ते हात विहिरीकडच्या अकरांतल्या पहिल्या झाडाच्या बुडाशी पोचणार होते. खाई त्याला खवखवे म्हणतात. धाकट्याची खवखव अशी, की त्याला बसवेना, उठवेना, घास गिळवेना. शेताकडे जाऊ नये म्हणून त्याने एक दिवस घरीच काढला. छपराच्या दोन पत्र्यांची डागडुजी केली, जी गेल्या वर्षापासून राहिली होती. दुसऱ्या दिवशी गेला तर सावली थांबली नव्हती. ती आपलं काम करून दोन झाडं पुढे सरकली होती. थोरला होताच तसा. त्याच्या कामात खाडा नसायचा.

सातव्या दिवशी धाकटा सांगून टाकायला वहिनीकडे गेला. मनाशी वाक्य ठरवून गेला होता. वहिनी पेट्या भरत होती. अर्धं घर दोरीने बांधून झालं होतं, भिंतीवर जिथे थोरल्याचे कपडे टांगलेले असायचे तिथे चार रिकामे खिळे होते. तिने चहा ठेवला. त्याने कप घेतला आणि तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली,

"भाऊजी, एक सांगू का? रात्रंदिवस माझ्या मनात तेच ते येतं. पण शेवटपर्यंत तुम्ही त्यांच्याजवळ होतात. दोर तुमच्या हातात असेल तर धीर असतो, असं ते त्या सकाळीच म्हणाले होते. मला तेवढाच आधार आहे बघा."

वाक्य चहाबरोबर पोटात गेलं. तो घरी आला आणि दिवसभर पाठ करून निजला. बायकोने कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

आठ, नऊ, दहा. अकराव्या सकाळी सावली रस्त्याकडच्या शेवटच्या झाडापाशी होती, जे झाड मागे आलं होतं त्याच्याच. ती तिथे वाकली नाही. बराच वेळ तिने नुसता हात खोडावर ठेवलेला होता. धाकटा चौथ्या सरीत, उन्हात, उभ्याने रडला. आधी त्याला वाटलं की आपल्याला भीतीने रडू येतंय. मग लक्षात आलं की भीती कधीच संपली आहे. त्याला थोरल्याची आठवण येत होती. नुसती, साधी आठवण. "दादा," तो म्हणाला, "तू तरी ओरड माझ्यावर."

बाराव्या दिवशी माणसं लवकर आली. लाकूडवाला, त्याचे दोन कापणारे, एक मोठी गाडी. वहिनी दाराला कुलूप लावून, पिशवी हातात घेऊन बांधावर येऊन उभी होती. झाडं पडताना तिला बघायचं नव्हतं, पण बघितल्याशिवाय जायचंही नव्हतं. कापणाऱ्याने करवतीची दोरी ओढली. यंत्र खोकलं, बंद पडलं. त्याने पुन्हा ओढली. यंत्र सुरू झालं आणि शेळ्या दावणीला ओढ देऊन ओरडायला लागल्या.

धाकट्याने आपल्या सऱ्यांकडे पाहिलं. माणसाची सावली बाराव्या झाडाशी गुडघे टेकून बसली होती. तिचे हात चालू झाले होते.

तो बांधावर चढला. बाराव्या बुंध्याशी गुडघे टेकून बसला आणि दोन्ही हातांनी पाचोळा उडवायला लागला.

"भाऊजी! अहो, काय करताय?" वहिनी ओरडली. "बुडाला हात नका लावू. त्यांना आवडायचं नाही." तोंडातून गेल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं. बुंधा मेलेला, माणूस गेलेला, आणि नियम तेवढा जिभेवर जिवंत.

धाकटा थांबला नाही. माती वर्षभरात घट्ट झाली होती, नखं भरली, एक तुटलं. बोटभर, चार बोटं, वीतभर. मग हाताला ती कड लागली. त्याने ओंजळीने माती काढली, बाहीने पुसलं आणि बाजूला सरकला.

वहिनी जवळ आली. वाकली. बुंध्याभोवती चार बोटं रुंद पट्टा होता, गोल, नीट, साल नसलेला, वरच्या आणि खालच्या कडेला पात्याचे वार. नऊ वर्षं जिने बोटांनी गवत उपटलं तिला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिने त्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला, पूर्ण फेरी. मग उठून उभी राहिली.

"हे कुणी केलं?"

"मी."

"किती?"

"अकरा. ही विहिरीकडची. तुम्ही दोघं बाजाराला गेला होतात त्या दुपारी." पुढचं वाक्य बाहेर यायला वेळ लागला. "बाकीची अकरा चांगली होती. तो कापत होता तेव्हा मला माहीत होतं. प्रत्येक झाडाच्या वेळी माहीत होतं."

कापणाऱ्याने यंत्र बंद केलं. अचानक इतकं शांत झालं की पंपाच्या खोलीत थेंब पडत होता तोही ऐकू आला.  वहिनी मारेल, थुंकेल, किंचाळेल, आणि त्यातलं काहीही झालं तर बरं, असं धाकट्याला वाटत होतं. ती त्याच्याकडे न बघता लाकूडवाल्याकडे वळली.

"तुम्ही परत जा. झाडं द्यायची नाहीत."

"पण ताई, ठरलं होतं आपलं. आणि रोग..."

"रोग झाडांना नव्हता."

लाकूडवाला धंद्यात मुरलेला माणूस होता. त्याने त्या उघड्या पट्ट्याकडे पाहिलं, पाच ओळींकडे पाहिलं आणि सुरात फरक करून म्हणाला, "मग आपण इमारती लाकडाचं बोलू. सहा वर्षांनी येऊ का?"

"तेव्हाचं तेव्हा बघू," वहिनी म्हणाली.

गाडी वळली, गेली. धाकटा गुडघ्यांवरच होता. वहिनीने पिशवीतून कुलपाची किल्ली काढली, मुठीत धरली, आणि मग पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"तुम्हाला काय वाटतं भाऊजी, त्यांनी ती हिरवी अकरा का कापली?"

"आपल्या बाकीच्या ओळींना लागण होऊ नये म्हणून."

"मग पाचवी ओळ कापली असती. किंवा मधे चर खणला असता. मी तेच म्हणत होते, चर खणा, माझी आल्याची पट्टी गेली तरी चालेल, पण उभी झाडं नका काढू." तिने त्याच्या सऱ्यांकडे बोट केलं. "आपल्या ओळींची त्यांना काळजीच नव्हती. बांधावरून रोग तुमच्या बाजूला उतरेल याची होती. म्हणाले, 'माझ्याकडे झाडांच्या पाच ओळी आहेत, आलं आहे, शेळ्या आहेत. एक गेलं तर दुसऱ्यावर निघेल. धाकट्याकडे नुसता मका आहे. तो बसला तर तो खाणार काय?' झोपताना म्हणाले, आणि सकाळी उठून तुम्हाला हाक मारायला गेले."

धाकट्याचा हात उपसलेल्या मातीकडे गेला.

"मी तुम्हाला माफ करणार नाही," वहिनी म्हणाली. "तसं मनात आणू नका. आणि माती परत लोटायची नाही. बाकीचे दहाही उघडा. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे, की त्यांचं काही चुकलं नव्हतं."

ती घराकडे गेली. कुलूप उघडल्याचा आवाज आला, मग पेटी ओढल्याचा. धाकटा पुढच्या बुंध्याकडे सरकला आणि पाचोळा बाजूला करू लागला. तिसरा बुंधा उघडत होता तेव्हा रस्त्याने एक ओळखीचा माणूस सायकलवरून चालला होता. पाय टेकून तो थांबला आणि त्याने विचारलं, "काय रे, काय पुरलंय तिथे?"

धाकट्याने हात थांबवले, मान वर केली, आणि त्याला सगळं सांगितलं.